लायनेलशी लढताना पहिला वार त्याला करू द्या

झेल्डा मालिकेतला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा निन्टेन्डो स्विचवरचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या बहुतेकांची लायनेल या सिंहमुखी, चार पायांच्या शत्रूशी पहिली गाठ झोरा लोकांच्या राज्यावरच्या प्लॉयमस डोंगरावर पडते, आणि तिथेच बहुतेक जण लायनेलचा नाद सोडतात. पुढे शंभर तास खेळ होतो, चारही दैवी यंत्रं ताब्यात येतात, शेवटचा खलनायक गॅननसुद्धा हरतो, पण लांबून लायनेल दिसला की घोडा वळवून दुसऱ्या वाटेने जायचं हे ठरलेलं असतं. हा लेख अशा खेळाडूंसाठी आहे. लायनेल ताकदीने हरत नाही. तो काय करणार आहे हे त्याच्या अंगाच्या हालचालीवरून आधी कळतं, आणि ते वाचता आलं की लाल आयाळीच्या आणि चंदेरी लायनेलमध्ये फरक फक्त वेळेचा उरतो.

हा शत्रू झेल्डा मालिकेत पहिल्यापासून आहे. 1986 च्या पहिल्या खेळात तो डोंगराळ भागात फिरायचा आणि लांबून तलवारीच्या आकाराचा झोत फेकायचा. लहान ढालीने तो अडत नसे, त्यासाठी मोठी जादूची ढाल लागे. 1991 च्या ‘अ लिंक टू द पास्ट’मध्ये तो आग ओकू लागला. कमरेवर सिंहाच्या तोंडाचा योद्धा आणि खाली चार पायांचं जनावर, ही घडण तेव्हापासून कायम आहे. 2017 च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने त्याला धनुष्य दिलं, ढाल दिली, आणि समोर आलेल्या माणसाला निरखून पाहण्याची सवय दिली. खालचं सगळं मुख्यतः याच खेळाबद्दल आहे. ‘टिअर्स ऑफ द किंग्डम’मधले फरक शेवटी दिले आहेत.

रंग आणि हेल्थ

आयाळीच्या रंगावरून त्याची ताकद कळते. लाल आयाळ म्हणजे 2000 हेल्थ, निळी 3000, पांढरी 4000, पूर्ण चंदेरी अंगाचा 5000. मास्टर मोडमध्ये, म्हणजे खेळाच्या जास्त अवघड प्रकारात, सोनेरी लायनेल येतो, त्याची 7500. खेळ तुमचे मारलेले शत्रू आतल्या आत मोजत असतो आणि त्या हिशोबाने पुढच्या ब्लड मूननंतर (मारलेले शत्रू पुन्हा उभे राहतात ती रात्र) ठिकठिकाणचे लायनेल वरच्या रंगाचे होत जातात. म्हणून ‘आधी भरपूर ताकद कमावतो, मग लायनेलकडे बघतो’ हा बेत म्हणावा तितका कामी येत नाही. तुम्ही वाढता तसा तोही वाढतो. लाल आयाळीचे लायनेल शिल्लक आहेत तोवर त्यांच्यावर हात बसवून घेतलेला बरा.

हत्यारंही रंगाप्रमाणे ठरतात. लाल आयाळीकडे साधी लायनेल हत्यारं, निळ्याकडे ‘मायटी’, पांढऱ्या आणि चंदेरीकडे ‘सॅव्हेज’. सॅव्हेज लायनेल क्रशर, म्हणजे दोन हातांनी पेलायचा तो अवजड परशू, 78 ताकदीचा असतो. एवढ्या ताकदीचं हत्यार त्या टप्प्यावर दुसरीकडे सहज हाती लागत नाही. लायनेलच्या मागे लागण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

घरातली तयारी

याबद्दल कोणी बोलत नाही, पण अर्ध्या चुका इथेच होतात. शेवटच्या क्षणी उडी मारायची असेल तर बटण दाबल्यापासून पडद्यावर लिंक, म्हणजे खेळाचा नायक, हलेपर्यंतचा वेळ कमीत कमी असायला हवा. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर खेळत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा आणि चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा. ती सोय क्रिकेटसाठी आणि मालिकांसाठी ठीक आहे, पण त्यामुळे चित्र उशिरा येतं. टीव्ही जुना असेल आणि त्यात गेम मोड नसेल तर सरावापुरता स्विच डॉकमधून, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमधून, काढून हातात घेऊन खेळा. तिथे हा उशीर सगळ्यात कमी असतो.

निन्टेन्डो भारतात अधिकृत विक्री करत नाही, त्यामुळे पुण्यातल्या बऱ्याच घरांतला स्विच अमेरिकेहून किंवा जपानहून आलेला असतो. त्याचा अडॅप्टर 100 ते 240 व्होल्टवर चालतो, ट्रान्सफॉर्मर लागत नाही. फक्त चपट्या पिनांसाठी कन्व्हर्टर लागतो आणि तो घट्ट बसणारा घ्या. तपकीर गल्लीत पाच मिनिटांत मिळतो, पण घेताना पिन घालून हलवून पाहा. सैल कन्व्हर्टरमुळे डॉकचा पुरवठा तुटला की टीव्हीवरचं चित्र ऐन लढाईत जातं. डॉकला मोबाइलचा साधा चार्जर लावून भागत नाही, त्याला 15 व्होल्ट लागतात. आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार असेल तर चंदेरी लायनेल त्या दिवशी डॉकमध्ये बसून मारायला घेऊ नका.

जॉय-कॉनची, म्हणजे स्विचच्या कंट्रोलरची, डावी काडी आपोआप सरकत असेल तर बाजूला मारलेली उडी तिरकी जाते आणि तुम्हाला वाटतं आपलं टायमिंग चुकलं. सिस्टिम सेटिंगमध्ये कंट्रोलर आणि सेन्सरच्या भागात काडी कॅलिब्रेट करण्याची सोय आहे. आधी ती करून घ्या. नेम धरताना कंट्रोलर हलवून नेम साधायची सोयही चालू ठेवा. काडीने ढोबळ दिशा, मनगटाने बारीक नेम, अशी सवय लागली की लायनेलचं डोकं बरंच सोपं होतं.

सोबत काय न्यायचं

एक हाताने वापरायची तलवार आणि धातूची ढाल. दोन हातांचं एक जड, ताकदवान हत्यार. एकाच वेळी तीन बाण सोडणारं धनुष्य असेल तर उत्तम, नसेल तर कोणतंही चालेल. साधे बाण तीस-चाळीस. लाकडी ढाल, लाकडी धनुष्य, लाकडी हत्यार पुढे काढू नका, त्याच्या आगीत ते पेटतं.

खाण्याचं दोन प्रकारचं. पाच मायटी केळी एकत्र शिजवली की हल्ल्याची ताकद तिसऱ्या पातळीपर्यंत वाढते, म्हणजे दीडपट, आणि ती 4 मिनिटं 10 सेकंद टिकते. केळी फॅरोनच्या जंगलात भरपूर मिळतात. चार केळी आणि ड्रॅगनच्या शिंगाचा एक तुकडा घातला तर हीच ताकद अर्धा तास मिळते. पांढऱ्या आयाळीच्या पुढच्या लायनेलसाठी हा पदार्थ करावाच. दुसरं, हार्टी जातीचं काहीही: मुळा, ड्युरियन. एकटा हार्टी ड्युरियन शिजवला तरी लिंकचा जीव दाखवणारी सगळी हार्ट भरतात आणि वर चार पिवळी मिळतात. म्हणून पाच ड्युरियन एकाच पदार्थात घालण्यापेक्षा पाच वेगवेगळे पदार्थ करा. पाच वेळा पूर्ण बरे व्हाल.

प्लस बटण दाबून पिशवी उघडली की खेळ थांबतो. परशू डोक्यावर येत असतानाही खाता येतं. नवखे खेळाडू दोन हार्ट उरली तरी खात नाहीत आणि पुढच्या घावाला मरतात. निम्मी हार्ट गेली की खा.

कपड्यांत बचाव पाहा. लवकरच्या टप्प्यावर हातेनो गावच्या दुकानातला सोल्जर संच पुरेसा आहे, कपडे मजबूत करून देणाऱ्या ग्रेट फेअरीकडून तो जमेल तेवढा वाढवून घ्या. नंतर बार्बेरियन संच हल्ला वाढवतो, पण तो आणि केळी एकमेकांवर चढत नाहीत, दोन्हींची कमाल तिसरी पातळीच. बार्बेरियन घातला असेल तर केळी वाचवा.

हातेनोच्या प्रयोगशाळेत तीन एन्शंट कोर देऊन स्टेसिस, म्हणजे समोरची वस्तू जागीच थांबवण्याची शक्ती, वाढवून घेतलं असेल तर लायनेल क्षणभर गोठवता येतो. हे हत्यार संकटासाठी ठेवा, सुरुवातीलाच वापरू नका.

घोडा लांब सोडा. या खेळात घोडा मरतो.

नजर

लायनेलने तुम्हाला पाहिलं की तो लगेच धावून येत नाही. थांबतो, तोंड वळवतो, एकटक पाहतो. एवढ्यात मागे फिरलात तर तो तुम्हाला सोडून देतो. हा वेळ उपयोगी आहे. त्याच्या हातात काय आहे ते पाहा: तलवार-ढाल, भाला की परशू. त्यावरून पुढचं सगळं ठरतं. जागाही बघून घ्या. सपाट आणि मोकळी जमीन तुमच्या बाजूची असते. दगडाआड लपलात किंवा उंचावर चढलात तर तो धनुष्य काढून बाण वर आकाशात सोडतो आणि ते तुमच्या डोक्यावर येऊन पडतात. उंचावर बसून त्याला टिपत बसायचं हे डोक्यातून काढून टाका. फोटो मात्र याच वेळी काढून घ्या, कंपेंडियममध्ये, म्हणजे खेळातल्या फोटोसंग्रहात, नोंद झाली की वाढवलेला सेन्सर पुढचे लायनेल शोधून देतो.

हालचाली आणि त्यांचं उत्तर

झेडएल बटण धरून ठेवलं की कॅमेरा त्याच्यावर खिळतो. एक्स आणि काडी बाजूला म्हणजे बाजूची उडी, एक्स आणि काडी मागे म्हणजे मागची कोलांटी. झेडएल धरून ए म्हणजे ढालीचा झटका, पॅरी. घाव अंगाला लागायच्या ऐन आधी उडी मारली तर काळ मंदावतो आणि वाय दाबत राहिलं की लिंक भराभर घाव घालतो. हा फ्लरी रश.

मूळ नियम एवढाच: आडवा घाव असेल तर मागे, उभा घाव किंवा भोसक असेल तर बाजूला. आडव्या घावाला बाजूला उडी मारली तर तुम्ही पात्याच्या वाटेतच जाता. भाल्याच्या भोसकेला मागे उडी मारली तर भाल्याची लांबी तुम्हाला गाठते. ‘वेळेवर उडी मारली तरी लागलं’ अशी जी तक्रार असते, ती बहुतेक वेळा दिशेची असते.

तलवारवाला लायनेल धावत येतो आणि जाता जाता आडवा घाव घालतो. त्याचा खांदा मागे जातो तेव्हा बटणावर अंगठा ठेवा, हात पुढे सुटतो तेव्हा दाबा. बहुतेक जण खांदा मागे गेल्या गेल्या दाबतात, म्हणजे फार लवकर. ढोल-ताशा पथकात नव्याने आलेला वादक टिपरू उचलायच्या आधीच ठोका धरायला जातो आणि लय पुढे पळते, तसं हे होतं. उपाय तोच: आधी फक्त मोजा. पहिल्या लायनेलपुढे दोन-तीन मिनिटं एकही घाव न घालता नुसत्या उड्या मारा. मेलात तरी चालेल, समोर जायच्या आधी हाताने सेव्ह केलेलं असू द्या.

परशूवाला हळू आहे पण त्याचा पल्ला फसवा. तो परशू डोक्यावर नेऊन खाली आदळतो, त्याला बाजूची उडी. आडवा फिरवला तर मागे. नवशिक्यांनी पहिला लायनेल परशूवाला निवडावा असं आम्हाला वाटतं, कारण त्याच्या तयारीचा काळ सगळ्यात लांब असतो आणि हालचाल स्पष्ट दिसते. भालेवाला सगळ्यात चिवट. त्याची भोसक लवकर येते आणि लांबून येते. त्याच्याशी पॅरीपेक्षा उडी बरी.

चारही पायांवर धाव: तो हत्यार पाठीला लावतो, पुढचे दोन्ही हात जमिनीवर टेकतो आणि शिंगं पुढे करून सुसाट येतो. पहिल्यांदा पाहणारा पळत सुटतो आणि पाठीत शिंगं खातो. पळू नका. तो सरळ रेषेत येतो. बाजूला ऐन वेळी उडी मारली तर फ्लरी रश मिळतो. नेम पक्का असेल तर यापेक्षा चांगलं उत्तर म्हणजे समोर उभं राहून त्याच्या डोक्यात बाण. धाव जागेवर थांबते. हुकला तर मात्र तुम्ही वाटेत उभे असता, म्हणून हे नंतर शिका. एक धाव चुकवली की तो वळून पुन्हा येतो, लगेच गाफील होऊ नका.

आग: तो थांबतो, छाती फुगवून श्वास ओढतो आणि आगीचे तीन गोळे सोडतो. ही त्याने तुम्हाला दिलेली सगळ्यात मोठी संधी आहे. श्वास ओढताना डोकं स्थिर असतं. झेडएल सोडून द्या, धनुष्य काढा, कपाळावर बाण मारा. गोळे सुटले आणि खाली गवत असेल तर ते पेटून हवेचा झोत वर उठतो. एक्स दाबून ग्लायडर उघडलात की तो झोत तुम्हाला वर नेतो, आणि हवेत धनुष्य ताणलं की काळ मंदावतो. बर्फावर, दगडी फरशीवर किंवा पावसात हा झोत मिळत नाही.

स्फोट: मोठ्याने गर्जना करून तो अंगात आग साठवतो आणि हत्यार जमिनीवर आदळतो. भोवताली सगळं पेटतं. याला उडी किंवा पॅरी लावायच्या भानगडीत पडू नका. बी धरून सरळ लांब पळा. गर्जनेचा वेळ पळायला पुरतो. कोपऱ्यात सापडला असाल तर इथे स्टेसिस वापरा.

मांड ठोकणं

खरी लढाई इथून सुरू होते. डोक्यात बाण बसला की लायनेल गुडघ्यावर येतो. त्या वेळी तीन गोष्टी या क्रमाने करा. धाव घेत त्याच्या बाजूने मागे जा. डी-पॅडची उजवी बाजू दाबून दोन हातांचं जड हत्यार काढा, यादी उघडी असताना खेळ थांबलेला असतो. मग ए दाबून पाठीवर चढा.

पाठीवर मांड ठोकली की वाय दाबत राहा. तो तुम्हाला फेकून देईपर्यंत साधारण पाच घाव बसतात. आणि पाठीवरून घातलेल्या घावांनी हत्यार झिजत नाही. जपून ठेवलेलं सर्वात ताकदवान हत्यार, ज्याचा एकच घाव उरला आहे असं खेळ सांगतो आहे तेसुद्धा, इथे निर्धास्त वापरा. जमिनीवर मात्र ते हातात ठेवू नका. दोन हातांच्या हत्यारासोबत किंवा भाल्यासोबत ढाल पुढे येत नाही, मग ए दाबून काहीच होत नाही. पॅरी करायला जाऊन सरळ घाव खाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या हातात मागच्या स्वारीचं दोन हातांचं हत्यार तसंच राहिलेलं असतं. खाली आलात की पहिलं काम तलवार आणि ढाल.

तो फेकतो तेव्हा तुम्ही हवेत उंच जाता. घाबरून ग्लायडर उघडू नका. झेडआर धरून धनुष्य ताणा. काळ मंदावेल, खाली लायनेलचं डोकं दिसेल. बाण मारा. बसला तर तो पुन्हा गुडघ्यावर येतो, तुम्ही खाली उतरून पुन्हा चढता. हे चक्र जमलं की जमिनीवरची लढाई जवळपास संपते. हवेत धनुष्य ताणलेलं असताना स्टॅमिना भराभर उतरतो, म्हणून नेम धरत बसू नका. एका चाकाचा स्टॅमिना असेल तर एकच बाण धरा. हुकला तर लगेच एक्स, ग्लायडर, आणि त्याच्यापासून दूर उतरा.

डोक्याचा नेम झेडएलवर सोडू नका. झेडएल धरून बाण मारला तर तो अंगाच्या मध्यावर जातो आणि लायनेलला त्याचं काही वाटत नाही. डोक्याचा नेम हाताने.

हिशोब करून पाहा. रॉयल क्लेमोरची ताकद 52. केळी खाल्लेली असतील तर दीडपट, 78. पाच घाव म्हणजे 390. मायटी लायनेल धनुष्य 20 ताकदीचे तीन बाण एकदम सोडतं. तिन्ही डोक्यात बसले तर दुप्पट, 120, आणि केळ्यांसह 180. एका चक्राला 570. पांढऱ्या आयाळीच्या 4000 हेल्थसाठी आठ चक्रं, लाल आयाळीसाठी चार. केळी नसतील तर एका चक्राला 380, म्हणजे पांढऱ्यासाठी अकरा. हा ढोबळ हिशोब आहे, तिन्ही बाण दरवेळी बसत नाहीत. पण चार मिनिटांच्या केळ्यांत आठ चक्रं बसतील का, हा प्रश्न लढाईआधी स्वतःला विचारून ठेवावा. शंका असेल तर ड्रॅगनचं शिंग घाला. तीन बाणांचं धनुष्य लांबून मारलं तर बाण फाकतात, ते जवळूनच वापरा.

मास्टर मोडमध्ये मार थांबला की शत्रूची हेल्थ आपोआप भरू लागते. तिथे नुसता बचाव करत राहून भागत नाही, प्रत्येक चुकलेल्या बाणानंतर काहीतरी मार द्यावाच लागतो. सोनेरी लायनेलला हात घालण्यापूर्वी वरचं चक्र साध्या मोडमध्ये न तुटता चार वेळा सलग जमायला हवं.

जे बाण फुकट जातात

बर्फाचे बाण लायनेलला गोठवत नाहीत. विजेच्या बाणांनी त्याच्या हातातलं हत्यार सुटत नाही. इतर शत्रूंवर चालणाऱ्या या दोन्ही युक्त्या इथे वाया जातात. बॉम्बचे बाण पावसात फुटतच नाहीत. एन्शंट बाण एकाच फटक्यात लायनेल नाहीसा करतो, पण त्याच्याबरोबर त्याची शिंगं, खूर, आतडी, हत्यारं सगळंच नाहीसं होतं. रस्ता मोकळा करायचा असेल तरच तो वापरावा.

प्लॉयमस डोंगर

इथल्या लायनेलबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नवखे इथेच अडकतात. तिथे तुम्हाला विजेचे वीस बाण गोळा करायचे असतात. ते झाडांच्या खोडांत आणि जमिनीत रुतलेले सापडतात. लायनेलला मारण्याची अट नाही. वाकून, झाडाआडून, त्याची पाठ फिरली की पुढे सरकत बाण उचलता येतात. मग शॅटरबॅक पॉइंटवरून खाली जलाशयाकडे उडी मारायची. पहिल्या फेरीत हेच करा.

तरीही लढायचंच असेल तर त्याचे बाण विजेचे आहेत हे लक्षात ठेवा. ते लागले की हातातलं हत्यार आणि ढाल गळून पडते. विजेपासून बचावाचं औषध किंवा पदार्थ आधी घ्या. त्याला धनुष्य वापरू न देणं सगळ्यात सोपं: फार लांब जाऊ नका. जवळ राहिलात की तो हत्यार काढतो. पाऊस चालू असेल तर बॉम्बचे बाण विसरा आणि आगीच्या झोताचीही अपेक्षा ठेवू नका.

सरावाला दुसरी जागा म्हणजे कोलिझियमचे अवशेष. तळाच्या मैदानात लायनेल असतो, जमीन सपाट आणि चारी बाजूंनी बंद. पण वरच्या मजल्यांवर इतर शत्रू आहेत, ते आधी साफ केले नाहीत तर ऐन वेळी वरून बाण येतात.

लूट

जाण्यापूर्वी हत्यारांत तीन जागा रिकाम्या ठेवा: एक हत्यार, एक धनुष्य, एक ढाल. शिंग, खूर आणि आतडी पडतात, चंदेरीकडून रत्नंही. आतडी विकू नका, बार्बेरियन संच वाढवायला लायनेलचेच भाग लागतात. डोंगरउतारावर मारला असेल तर सगळं खाली घरंगळतं, म्हणून शेवटचा घाव शक्यतो सपाटीवर. खेळातला एक दिवस 24 मिनिटांचा आणि ब्लड मून साधारण सात दिवसांनी, म्हणजे 2 तास 48 मिनिटांनी येतो. तेव्हा सगळे लायनेल पुन्हा उभे राहतात.

‘टिअर्स ऑफ द किंग्डम’मध्ये

2023 च्या या खेळात हालचाली जवळपास त्याच आहेत, पाठीवरच्या घावांनी हत्यार न झिजणंही तसंच. स्टेसिस नाही, एन्शंट बाण नाहीत, ड्युरियन नाही. त्याऐवजी फ्यूज आहे, म्हणजे हत्याराला किंवा ढालीला दुसरी वस्तू जोडण्याची शक्ती. ढालीला रॉकेट जोडा. झेडएलने ढाल पुढे केली की तुम्ही सरळ वर जाता आणि हवेत धनुष्य ताणता येतं, गवत पेटायची वाट पाहायला नको. रॉकेट एकदाच चालतं, म्हणून दोन-तीन ढाली तयार ठेवा. हत्यारांची मूळ ताकद इथे कमी असते, खरी ताकद जोडलेल्या वस्तूची. म्हणून पहिल्या लायनेलचं शिंग लगेच दुसऱ्या हत्याराला जोडा आणि तेच पुढच्याच्या पाठीवर वापरा. चंदेरी लायनेलचं सेबर हॉर्न एकट्याने 55 ताकद वाढवतं.

नवा प्रकार आहे चिलखती लायनेल. डोक्यावर चिलखत असेपर्यंत बाणाने तो गुडघ्यावर येत नाही. आधी चिलखत फोडा. दगड जोडलेलं जड हत्यार किंवा बॉम्ब-फूल जोडलेले बाण यासाठी. तलवारीने फोडायला गेलात तर तलवार आधी तुटेल. डोक्यावरचा भाग निघाला की अंगावरचं राहिलं तरी वरचं चक्र सुरू करता येतं. भूगर्भातल्या तरंगत्या कोलिझियममध्ये एकापाठोपाठ पाच लायनेल येतात आणि पाचही हरले की मेजोराचा मुखवटा मिळतो. तिथे जाताना बॉम्ब-फुलं वीस तरी न्या, आणि एक लायनेल पडल्यावर पुढचा येण्याआधी त्याची हत्यारं उचलून केळी पुन्हा खाऊन घ्या.